भांडणाची खुर्ची

सत्तावीस वर्षं मी शाळेत नाटक शिकवलं आणि त्यातून एकही नट निघाला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. एक विद्यार्थी टीव्हीवरच्या मालिकेत दिसला होता, पण तो प्रेत होता, तिरडीवर बांधलेलं. त्याच्या आईने चाळीत पेढे वाटले आणि मला फोन करून म्हणाली, "बाई, अजिबात हलला नाही बघा. सगळी तुमची शिकवण."

अंधेरी पश्चिमेला, वेसाव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा. मराठी माध्यमाची, त्यामुळे ती पुढच्या वर्षी बंद पडणार ही बातमी मी नोकरीला लागले तेव्हापासून दरवर्षी ऐकत आले. मी निवृत्त झाले, शाळा चालूच आहे. मला नेमलं होतं मराठी शिकवायला. पण मुलाखतीत मी बोलून गेले की माझे वडील घाटकोपरच्या वस्तीत जलशात पेटी वाजवायचे. तेवढ्या एका वाक्यावर मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलन माझ्या गळ्यात मारलं. पुढे त्याचे आठवड्याला दोन तास झाले आणि वेळापत्रकात 'नाट्य' हा शब्द छापून आला. तो बघायला वडील नव्हते. पेटी भावाकडे गेली आणि मला हे तास आले.

पालक यायचे ते एकच मागणी घेऊन. "बाई, याला जरा कॉन्फिडन्स द्या." जणू मी तो मागच्या खोलीत डब्यात भरून ठेवलाय. एक आई म्हणाली, "घरात नुसता बडबडतो, बाहेर गेला की तोंडाला कुलूप." मला तर ते पोरगं शहाणं वाटलं. वडील मंडळी जरा पुढचं विचारायची, "इंटरव्ह्यूला उपयोग होईल ना?" मी म्हणायचे, होईल. खोटं बोलण्याला आमच्या धंद्यात संवाद म्हणतात, त्यामुळे मला काही वाटायचं नाही.

आत्मविश्वास, सर्जनशील विचार, सर्वांगीण विकास असले शब्द मी अहवालात भरपूर लिहिले आहेत. अहवालाला तेच लागतात. प्रत्यक्षात आमची नाट्याची खोली जिन्याखाली होती. तिथे खो-खोचे खांब, तीन पायांची बाकं आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेने टाकून दिलेला, जबडा नसलेला एक सांगाडा राहायचा. त्यांच्यातच आम्ही राहायचो. वर कुणी जिना उतरलं की आमच्या डोक्यावर चुना पडायचा.

त्या खोलीत मी दोन गोष्टी शिकवायचे. एक मंगळवारी, दुसरी गुरुवारी. त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत हे माझ्या लक्षात यायला वीसेक वर्षं लागली.

मंगळवारी संहिता. आंतरशालेय एकांकिका स्पर्धेसाठी मी दरवर्षी एक एकांकिका लिहायचे. पाणी वाचवा, झाडं वाचवा, वडीलधाऱ्यांना वाचवा. शेवटी सगळी मुलं एका रांगेत येऊन हात पुढे करून संदेश द्यायची. ज्यांना वाक्य पाठ होत नसे ती झाडं व्हायची. आता यातली कामाची गोष्ट बाहेरच्यांसाठी सांगते, कारण पुढे ती लागणार आहे. नाटकात आपण कधी बोलायचं ते घड्याळावर ठरत नाही, समोरच्याच्या शेवटच्या शब्दांवर ठरतं. त्याला आम्ही क्यू म्हणतो. समोरचा म्हणाला "कोण आहे तिकडे?" की आपण सुरू. तो शब्द कानावर पडला नाही तर चांगला नट तोंड उघडत नाही, मग वरून पंखा कोसळला तरी. मी याच शिस्तीची होते. जे लिहिलंय ते, जसं लिहिलंय तसं.

गुरुवारी संहिता बंद. खोलीच्या मधोमध एक खुर्ची ठेवायची. ज्याच्याशी आपलं भांडण आहे तो माणूस होऊन त्या खुर्चीत बसायचं. त्याची नक्कल करायची नाही, त्याची बाजू मांडायची आणि ती इमानदारीत मांडायची. बाकीचे प्रश्न विचारणार. पोरं तिला भांडणाची खुर्ची म्हणायची. एकदा आठवीतला एक जण काका होऊन बसला. घरातला टीव्हीचा रिमोट लपवणारा काका. सुरुवातीला त्याने डोळे वटारून सगळ्यांना हसवलं. मग कुणीतरी विचारलं, "तुम्ही असं का करता?" पोरगा खुर्चीत जरा खाली सरकला आणि म्हणाला, "मी दिवसभर साकीनाक्याला मशीनवर उभा असतो. घरी आल्यावर मला कुठलाच आवाज नको असतो." मग खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "पण बाई, तरी तो वाईटच आहे." मी म्हटलं, असू दे. आपण त्याला माफ करायला कुठे बसलोय.

मुख्याध्यापकही एकदा त्या खुर्चीत बसले, म्हणजे एक मुलगी ते होऊन बसली. ती म्हणाली, "मला नाटक आवडतं. पण आवाज झाला की संस्थेचे लोक वरून मला फोन करतात आणि मला त्यांची भीती वाटते." नेमके ते दारात उभे होते. तसेच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी शिपाई दोन जुन्या गाद्या घेऊन आला आणि दाराला आतून ठोकून गेला.

जागृती नववीत असताना माझ्याकडे आली. कोळ्यांची पोर. तिची आई भारती अंधेरीच्या एका मंडईत मासळी विकायची आणि शाळा सुटली की जागृती तिकडेच जायची. या मुलीची गंमत अशी की तिला एक वाक्य दोनदा सारखं बोलता यायचं नाही. मी लिहिलेलं असायचं, "आई, मला शाळेत जायला विलंब होत आहे." ती म्हणायची, "आय, मी पळते, बाई बोंबलतील."

"जागृती, लिहिलंय ते बोल."

"बाई, तेच तर बोलले."

"शब्द वेगळे आहेत."

"पण अर्थ सेम आहे ना."

असं रोज. मी तिला वहीत वाक्यं दहादहा वेळा लिहायला लावली. तिने दहाही वेगळी लिहिली.

त्या वर्षी एकांकिका होती वडीलधाऱ्यांना वाचवणारी. जागृती धाकटी नात आणि ऋतुजा नावाची वर्गातली हुशार मुलगी थोरली नात. ऋतुजाचं पाठांतर असं की स्वल्पविराम कुठे आहे ते ऐकू यायचं. रंगीत तालमीला मुख्याध्यापक आणि संस्थेचे दोन सभासद समोर बसले होते. आता चूक कुणाची ते नीट सांगते. मी "कोण आहे तिकडे?" हे वाक्य तिसऱ्या पानावर लिहिलं होतं आणि आळस म्हणून तेच अकराव्या पानावरही लिहिलं होतं. एकच क्यू दोन ठिकाणी आला की नट घसरतो, हे आमच्या धंद्यात बालवाडीचं ज्ञान. ऋतुजाने तिसऱ्या पानावरचा क्यू ऐकला आणि थेट अकराव्या पानावर उडी मारली. तिथे आजोबा वारलेले असतात. ती गुडघ्यावर कोसळली आणि तिने हंबरडा फोडला. आजोबा झालेला मुलगा तिच्या शेजारी बसून चहा पीत होता.

सगळे थिजले. मी विंगेत डोक्याला हात लावला. आणि जागृती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, ऊठ. आजोबा अजून मेले नाहीत, तुला एवढी घाई कसली? आधी त्यांचा चहा तर होऊ दे."

समोरचे तिघंही खोखो हसले. ऋतुजा डोळे पुसत उठली, आजोबांनी चहा संपवला आणि नाटक तिसऱ्या पानावरून पुन्हा सुरळीत सुरू झालं. आज मला विचाराल तर माझ्या सगळ्या नोकरीत रंगमंचावर घडलेली ती सगळ्यात चांगली गोष्ट होती. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं की माझ्या गंभीर नाटकाची वाट लागली आणि लोक हसले. मी जागृतीला नाटकातून काढलं. कारण सांगितलं, संहितेबाहेर गेलीस. ऋतुजाला काही बोलले नाही आणि दोनदा एकच वाक्य लिहिणाऱ्या बाईला तर कोण बोलणार. जागृतीने नातीची ओढणी घडी करून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली. एक शब्द बोलली नाही. स्पर्धेत आम्हाला काहीच मिळालं नाही. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, पाठांतर उत्तम.

ती गुरुवारी मात्र येत राहिली. मागे, सांगाड्याच्या बाजूला बसायची. दोनेक महिन्यांनी एकदा तास संपल्यावर थांबली.

"बाई, माझ्या आयला शिकवाल?"

"काय शिकवू?"

"बोलायला."

मला हसू आलं. भारतीला अंधेरीत कोण ओळखत नव्हतं? मी स्वतः तिच्याकडून मासळी घ्यायचे. मंडईच्या तोंडाशी उतरलं की तिचा आवाज आधी भेटायचा, ती नंतर. भाव करणाऱ्या एका सुटाबुटातल्या गृहस्थाला तिने माझ्यादेखत विचारलं होतं, "दादा, सूट पन असाच घासाघीस करून शिवलाव काय?" तिला कॉन्फिडन्स देणं म्हणजे खाडीला मीठ देणं.

जागृतीने सांगितलं ते असं. मंडई जुनी झाली होती, पाडून नवी बांधायची होती. जागा एका खाजगी ट्रस्टची. नवीन नकाशात तळमजला भाजी आणि फळांना दिलेला आणि मासळीवाल्या अकरा बायकांना वरचा मजला. म्हणजे बर्फाच्या पेट्या, टोपल्या, पाणी सगळं जिन्याने वर. भारतीची निम्मी गिऱ्हाईकं म्हाताऱ्या बायका. त्यांचे गुडघे रस्ता ओलांडतानाच कुरकुरतात, त्या वर कशाला चढतील? ट्रस्टच्या व्यवस्थापकाने बायकांचं म्हणणं ऐकायला एक दिवस दिला होता. त्यानंतर नकाशा कायम होणार. बोलायचं भारतीने असं अकराजणींनी ठरवलं होतं आणि भारतीने दोन दिवस जेवण टाकलं होतं.

"ती ऑफिसात गेली ना बाई, की तिचा आवाजच जातो," जागृती म्हणाली. "माझ्या ॲडमिशनच्या वेळी पण तशीच उभी होती. नाव विचारलं तर माझ्याकडे बघत होती."

दुपारी बाजार आवरला की अकराजणी जिन्याखालच्या खोलीत यायला लागल्या. वास अर्थातच आला. मुख्याध्यापकांनी दारातून नाकाला रुमाल लावून चौकशी केली. मी म्हटलं, कोळीवाड्यावर नाटक बसवतेय, वातावरणनिर्मिती आहे. ते गेले.

पहिल्या दिवशी भारती भिंतीला टेकून उभी राहिली. "बाई, मना म्हावरा इकाला सांगा. साहेबासमोर बोलाला नका सांगू." बाकीच्या बायकांचा मुद्दा एकच होता, आम्ही हलणार नाही. तो त्या अकराजणी एकदम सांगत होत्या. मला काही सुचेना. जागृतीने कुणाला न विचारता खुर्ची उचलली आणि मधोमध ठेवली.

"आय, इथे बस. तू आता मॅनेजर."

"मी कशाला मॅनेजर?"

"तुझं भांडण कुणाशी आहे?"

भारती बसली. आधी हसली, मग पदर सारखा केला. जागृतीने विचारलं, "साहेब, तुम्ही मासळीवाल्यांना वर का पाठवता?"

भारती सावकाश बोलायला लागली. "मना काय हौस हाय? रोज भाजीवाले माझ्या डोक्याशी येतान. खाली पानी, चिखल, वास. उद्या कोन गिऱ्हाईक घसरून परला तर मलाच विचारतील. वर न्हेली की पानी तरी वरच राहील." ती थांबली. खुर्चीतच बसून तिने बाकीच्यांकडे पाहिलं. "अगो, खरंच. पानी जाला आपल्याकडं जागा कुठं हाय?"

बाकीच्या पहिल्यांदाच एकमेकींकडे बघायला लागल्या. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "मागल्या दाराला गटार हाय ना." तिथून पुढे तासभर त्या आपसात बोलत होत्या आणि मी नुसती ऐकत होते. आल्या होत्या आम्ही हलणार नाही म्हणायला, उठल्या तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की आम्हाला तळमजल्यावरच, पण मागच्या बाजूला द्या, दार वेगळं, गटार वेगळं, भाजीवाल्यांच्या वाटेत आम्ही येणारच नाही. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. ते दुसऱ्याच्या खुर्चीत बसून दिसलं होतं.

इथे मी हात आवरायला हवा होता. पण मी नाटकवाली. इतका चांगला मुद्दा मिळाल्यावर मी घरी, वाकोल्याला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याची चार पानं लिहिली. भारतीची वाक्यं, व्यवस्थापकाची वाक्यं, कुठे थांबायचं, कुठे पुढे यायचं. व्यवस्थापक मी चांगला खडूस लिहिला. तो सुरुवातीलाच दरडावणार, "तुमच्याकडे कागद आहेत का?" आणि त्यावर भारती म्हणणार, "कागद नाही साहेब, पण माझ्या आजीपासून आम्ही इथे बसतोय." मला स्वतःलाच लिहिताना भरून आलं. शेवटचं वाक्य होतं, "आम्हाला मागच्या दाराशी जागा द्या, तिथे गटार आहे."

जागृती म्हणाली, "बाई, लिहू नका ना. आय पाठ नाही करत."

मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

आठ दिवस तालीम झाली. व्यवस्थापक मी करायचे आणि करताना मला मजाही यायची. भारतीला चारही पानं पाठ झाली. मी दरडावलं की ती सुरू. मला फार अभिमान वाटला.

सुनावणीच्या दिवशी ट्रस्टच्या ऑफिसात आम्ही तेराजणी. व्यवस्थापक निघाला तिशीतला, चष्मा लावलेला, अत्यंत सभ्य मुलगा. तो उभा राहिला. त्याने खुर्च्या मागवल्या. चहा मागवला. भारतीला म्हणाला, "बसा काकू. अगदी मोकळेपणाने सांगा, काय म्हणणं आहे तुमचं?"

हे वाक्य संहितेत नव्हतं.

भारतीने माझ्याकडे पाहिलं. मग चहा प्यायली. ती कागदांच्या प्रश्नाची वाट बघत होती आणि तो काही केल्या येईना. तो जितका गोड बोलत होता तितकी ती लाकडासारखी होत होती. "सांगा ना काकू, घाबरू नका." दहा बायका भिंतीकडे बघत होत्या. मी मागून, विंगेतल्या सवयीने, ओठ हलवून वाक्य सांगायला लागले. त्याचं लक्ष गेलं. "मावशी, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. उगाच नाही, बाहेर आणखी लोक थांबले होते. "काही अडचण नसेल तर मग नकाशा..." असं म्हणून त्याने समोरची फाईल ओढली. भारतीचे डोळे भरले होते. माझ्या हातात ती चार पानं होती आणि माझ्या मनात आलं की या बाईचा धंदा मी घालवला. बाजारात ती असं कधी गप्प बसली असती? तिच्या तोंडात माझी वाक्यं कोंबून मी तिचा आवाज बंद केला होता.

जागृती उठली. शाळेच्या गणवेशातच होती.

"साहेब, एक मिनिट. आमची तालीम झालीय. त्यात तुम्ही खूप वाईट होता. तुम्ही आधी ओरडणार होता, मग आय बोलणार होती. तुम्ही ओरडतच नाही, म्हणून ती अडकलीय."

व्यवस्थापकाला दोन क्षण काही कळलंच नाही. मग तो हसला. "मग मी काय करू, ओरडू?"

"नको. तुम्ही इकडे बसा. आय तुमच्या खुर्चीत बसेल."

मी डोळे मिटले. मला वाटलं आता सगळ्यांना बाहेर काढणार. डोळे उघडले तेव्हा तो उठून, हातातला पेन खाली ठेवून, टेबलाला वळसा घालून येत होता. का उठला, देव जाणे. कदाचित शाळेत त्यालाही कुणी झाड केलं असेल.

भारती त्याच्या चाकांच्या खुर्चीत बसली. खुर्ची जरा मागे गेली, तिने टेबल धरून पुढे ओढली. आणि आवाज आला, तोच, मंडईच्या तोंडाशी भेटणारा.

"काय गो, वर जाला काय झाला तुला?"

तो गोंधळला. "मी... म्हणजे मी मासेवाली?"

"मंग कोन? खाली घान होते, भाजीवाले बोंबलतान. वर जा."

"पण वर कसं जाणार?" तो म्हणाला. "डोक्यावर टोपली असणार. बर्फाचं पाणी जिन्यावर सांडेल. मी पडेन."

"लिफ्ट बसवीन ना."

"लिफ्टमध्ये मी मासळी घेऊन चढले तर बाकीचे लोक चढतील का?" हे तो 'चढले' म्हणाला, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. भिंतीकडे बघणाऱ्या दहाही जणी आता त्याच्याकडे बघत होत्या.

"मंग कुठं बसवू तुला? सांग. माझ्याकडं जागा नाय."

भिंतीवर नकाशा लावला होता. त्याने तो खुर्चीत बसल्या बसल्या बघितला. मग उठून जवळ जाऊन बघितला. बोटाने एक रेघ ओढत ओढत मागच्या बाजूला आला आणि म्हणाला, "इथे मागच्या दाराशी द्या. तिथे गटार आहे."

माझ्या चौथ्या पानावरचं शेवटचं वाक्य. मी ते भारतीसाठी लिहिलं होतं.

त्या दिवशी त्याने वचन दिलं नाही, इंजिनियरशी बोलतो एवढंच म्हणाला. तीन महिन्यांनी नवा नकाशा लागला. मासळी तळमजल्यावर, मागच्या बाजूला, दार वेगळं. प्रत्येकीची जागा आधीपेक्षा वीतभर कमी झाली, त्यावरून भारती आजही त्याला शिव्या घालते. तो दर रविवारी तिच्याकडूनच मासळी नेतो आणि भाव करत नाही.

त्यानंतर मी मंगळवारच्या एकांकिकेचं शेवटचं पान कोरं ठेवायला लागले. मुलांनी ते उभं राहून पुरं करायचं. आमचे नंबर त्यानंतरही आले नाहीत. अहवालात मी पूर्वीसारखंच लिहीत राहिले, आत्मविश्वास वाढला, सर्जनशील विचारशक्तीचा विकास झाला. खरं सांगायचं तर आत्मविश्वास नावाची वस्तू मला कुठल्याच मुलात सापडली नाही. भारतीत तो बाजारात होता आणि ऑफिसात नव्हता, आणि खुर्ची बदलली तर ऑफिसातही होता. नाटक शिकून येतं ते वेगळंच काहीतरी. ठरलेलं वाक्य आलं नाही तर काय करायचं, एवढं एक येतं. तेही मला मुलांकडून कळलं.

निवृत्त झाल्यावर मी एका रविवारी बोंबील आणायला मंडईत गेले. जागृती आता साकीनाक्याला एका कुरियर कंपनीत कामाला आहे, चिडलेल्या गिऱ्हाइकांचे फोन घेते. रविवारी आईला हात द्यायला बसते. भारती गटारापाशी कुणाशीतरी भांडत होती. माझ्या मनात बरीच वर्षं होतं ते मी त्या दिवशी बोलून टाकलं. म्हटलं, "जागृती, तुला मी नाटकातून काढायला नको होतं. चूक माझी होती आणि शिक्षा तुला केली. मला त्याची लाज वाटते."

तिने सुरी बाजूला ठेवली. मग बसायचं स्टूल तिने माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः उभी राहिली.

"बसा. तुम्ही जागृती. मी बाई."

बाजारात, ओल्या फरशीवर, पिशवी मांडीवर घेऊन मी बसले.

"काय गं जागृती," ती माझ्याच सुरात म्हणाली, "तुला नाटकातून काढलं तेव्हा काय वाटलं?"

"राग आला," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"बाईंचा. आणि रडूही आलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, नाटक वाचवलंस."

तिने नजर वळवली, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "संहितेत नव्हतं."

जागृती हसली, डोळे बाहीला पुसले, हात मासळीचे होते. "जमतंय की तुम्हाला, बाई," म्हणाली आणि माझी पिशवी मागून घेतली.